तांदळाचं धुवण आणि हिरवं पेन

सगळ्यात आधी मावशींचं सांगतो. मावशी म्हणजे किन्हवलीजवळच्या ज्या घरात मी मागची खोली भाड्याने घेऊन राहतो, त्या घराच्या मालकीण. नात्यातल्या नाहीत. माझं गाव तिकडे मेहकरच्या बाजूला. इथून निघालो तर रात्रभर गाडीत बसावं लागतं, म्हणून सणावारालाही जाणं होत नाही. मावशींनी मला खोली दिली, पडवीचा कोपरा दिला, माझ्या छंदासाठी अंगण खणू दिलं. आणि एका दुपारी, जिथे त्या गप्प राहिल्या असत्या तरी कुणाला काही कळलं नसतं, तिथे त्यांनी माझ्यासाठी तोंड उघडलं. त्यापायी त्यांची लेक आणि नातू त्या दिवसापासून या घरात आलेले नाहीत. दिवाळीलाही नाही. पुढे मी पेनांबद्दल बरंच बोलणार आहे, त्यात हे मागे पडायला नको म्हणून आधीच सांगून ठेवलं.

मी शाळा सातवीत सोडली. का, ते सांगण्यासारखं काही नाही, आमच्याकडे बऱ्याच जणांची अशीच सुटते. हिंडत हिंडत मुरबाडला आलो आणि एका कारखान्यात लेथवर, म्हणजे धातू फिरवून कातायच्या यंत्रावर, लागलो. लेथवर पितळेच्या, अॅल्युमिनियमच्या कांड्या येतात, आणि काम झालं की बोटभर लांबीचे तुकडे उरतात. ते भंगारात जातात. साहेबांना विचारून त्यातले काही मी घेऊ लागलो. जेवणाच्या सुट्टीत एक तुकडा आतून पोकळ केला, टोकाला भोक पाडलं, आटे पाडले, आत बाजारातली रिफिल घातली. पेन झालं. मला लिहायचं फारसं काही नसतं. पण टोपण फिरवताना आटे एकात एक बसत जातात आणि शेवटी हाताला एक बारीकसा अडकाव लागतो, तो मला फार आवडतो. डोक्यात काळज्यांचं चाक फिरत असलं की मी खिशात हात घालून टोपण उघडतो आणि लावतो.

काळजी हा माझा जुना रोग आहे. दाराला कुलूप लावून फाट्यापर्यंत गेलो की परत येऊन ओढून बघतो. आई फोनवर म्हणते, "काहून रे एवढा इचार करतो?" हा 'काहून' माझ्याही तोंडात आहे. इथल्या लोकांना त्याची मजा वाटते. शेजारच्या काकू तर मला लांबून बघूनच मावशींना म्हणायच्या, "आला गो तुझा काहून!"

आमच्या कारखान्याच्या शेजारच्या शेडमध्ये गेट आणि ग्रिलना पावडर कोटिंग करतात. हा ओला रंग नव्हे. पिठासारखी कोरडी पावडर असते. एका बंदुकीतून ती उडवतात. बंदूक तिच्यात वीज भरते आणि लोखंड जमिनीला जोडलेलं असतं, म्हणून पावडर आपणहून त्याला जाऊन चिकटते. मग ते भट्टीत ठेवलं की पावडर वितळून एकसारखी कातडी धरते. मळकट गेट आत जायचं आणि जांभळासारखं चकचकीत होऊन बाहेर यायचं. मी कुंपणाशी उभा राहून बघत बसायचो. माझ्या पेनांना अशी कातडी हवी, हे तिथेच डोक्यात बसलं. शेडवाल्यांनी मोडक्या दांड्याची एक छोटी बंदूक काढून टाकली होती, ती मला दिली. खोक्यांच्या तळाशी उरलेली पावडरही दिली. कल्याणच्या भंगारवाल्याकडून केक भाजायची जुनी विजेची पेटी आणली. तीच माझी भट्टी.

पहिल्या रविवारी पावडर उडवली ती सगळी पडवीत सांडली. पेनावर एक कण राहीना. पुन्हा उडवली, पुन्हा जमिनीवर. शेडवाल्या मिस्त्रींना विचारलं तर ते हसले. "अरे, अर्थिंग आहे का तुझ्याकडे?" खोलीत येऊन बोर्ड उघडला. तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. नुसतं भोक होतं.

मावशींना भीत भीत विचारलं, अंगणात एक खड्डा खणू का, त्यात तांब्याची सळई पुरायची आहे.

"खण की. मोरीच्या बाजूला खण, तिथं ओल असते."

"मावशी, लई खोल खणावं लागल."

"मग काय, पाणी लागलं तं आमालाच बरं."

खड्ड्यात कोळसा आणि मीठ टाकून सळई पुरली, तिची वायर पेन टांगायच्या तारेला जोडली. त्यानंतर पावडर अशी चिकटली की पेनावर शेवाळ धरल्यासारखं वाटलं. पण उन्हाळ्यात जमीन तडकली आणि पुन्हा पावडर गळायला लागली. सळईभोवती जमीन ओली असावी लागते, असं मी मावशींना सहज सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्या रोज सकाळी तांदळाचं धुवण तिथे ओतायला लागल्या. शेजारच्या काकूंनी ते पाहिलं.

"काय गो, सळईला पानी घालतंस? पालवी फुटंल नाय तं!"

"फुटली तं तुला देईन भाजीला," मावशी म्हणाल्या.

माझं पहिलं चांगलं पेन मी मावशींना दिलं. लाल होतं. आट्यांवर पावडर जाऊ नये म्हणून चिकटपट्टी लावायची असते. ती मी नीट लावली नव्हती, त्यामुळे टोपण घट्ट बसायचं, जोर लावून काढावं लागायचं. मावशी बचत गटाच्या बैठकीला तेच पेन न्यायच्या. बाया सहीसाठी मागायच्या. सही झाली की मावशींचा हात लगेच पुढे. "आन इकडं. लेथवरचं हाय ते."

ही पावडर अंगाला, छातीला बरी नव्हे, हे मला मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी तोंडाला फडकं बांधायचो, काम झालं की पडवी ओल्या फडक्याने पुसायचो. भट्टीच्या दारावर लाल रंगाने मोठी फुली मारली होती. मावशींना कितीदा बजावलं असेल, "मावशी, यात खायचं कधी ठेवायचं नाही. पापडसुद्धा नाही."

"पापड नाय, बिबडं नाय, काय नाय. मना पाठ झालं रे."

आषाढात ताई बाळंतपणाला माहेरी आली. ताई म्हणजे मावशींची एकुलती लेक, वाशिंदला दिलेली. मी मावशींना म्हटलं, काही दिवस बंद ठेवतो हे. त्या म्हणाल्या, "तुझं काम पडवीच्या टोकाला, वारा जातो शेताकडं. आठवड्याचा एक दिवस मिळतो तुला. कर." तरी मी शेडवरून जाड ताडपत्री आणून आडोसा केला. दर रविवारी एकच पेन करायचो.

शहापूरला ताईला मुलगा झाला. बारसं झालं. घरात ओव्याचा, शेपाचा, धुरीचा वास भरून राहिला. मावशींनी आपलं जुनं लुगडं फाडून बाळाचे लंगोट आणि दुपटी शिवली होती. जांभळ्या काठाचं लुगडं, धुऊन धुऊन साबुदाण्याच्या पापडासारखं तलम झालेलं. पण इथला पाऊस एकदा लागला की कपड्यांची वाट लागते. दांडीवरचे लंगोट दोन-दोन दिवस ओलेच. मग शेगडीवर बांबूची टोपली उपडी घालून तिच्यावर फडकी सुकवायची, अशी इथली रीत. मावशी बसून एकेक फडकं उलटं-पालटं करत. पुढे कोळशाच्या पोत्याला पागोळीचं पाणी लागलं, शेगडी धुमसायला लागली, आणि फडक्यांना धुराचा वास यायला लागला. मावशी कुरकुरल्या. धुरीचा वास त्यांना चालायचा, ओल्या कोळशाचा नाही.

त्या रविवारी मी एक हिरवं पेन केलं होतं. भाताच्या रोपाचा असतो तसा हिरवा. मी आजवर केलेल्यात तेच सगळ्यात नीट उतरलं. भट्टी बंद केली, पेन तारेला टांगलं आणि सरळगावला भाजी आणायला गेलो.

दोन-तीन दिवसांनी बाळ रडायला लागलं. नेहमीसारखं नव्हे, पाय आखडून रडायचं. मांड्यांवर, ढुंगणावर लालभडक पुरळ. मावशींनी खोबरेल लावलं, ते काही उतरेना. मी कामावरून येताना फाट्यावरच कान लावायचो, रडणं ऐकू येतंय का म्हणून. आणि यायचं. मला कुणी काही बोललं नव्हतं, पण माझ्या डोक्यात एकच, ही आपली पावडर आहे. ताडपत्रीतून गेली असेल, कौलांतून गेली असेल, माझ्या शर्टावरून गेली असेल. मी पडवी साबणाने धुतली, ताडपत्री धुतली, बाहेरून येताना शर्ट दाराबाहेरच काढायला लागलो. बाळाकडे बघायलासुद्धा घरात गेलो नाही. ताईने विचारलं, "भाऊ, भाचा आवडला नाय का तुमाला?" मी काहीतरी पुटपुटलो.

त्या आठवड्यात एका दुपारी ताईच्या सासूबाई, म्हणजे मावशींच्या विहीणबाई, वाशिंदहून आल्या. सोबत जावई, आणखी एक बाई, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. मला त्या दिवशी सुट्टी होती. मी पडवीत पेनं पुसत बसलो होतो, म्हणून सगळं ऐकलं. आधी कौतुक. मग दुपटं उघडलं. मग विहीणबाईंचा आवाज.

"ह्ये काय झालंय? आणि कवापासून? आमाला फोन नाय केलात!"

"पावसाचं होतं पोरांना," मावशी म्हणाल्या.

"पावसाचं असं नाय होत. आमी पण पोरं वाढवलीत."

काहीतरी शोधावं तशा त्या घरभर बघत बघत पडवीत आल्या. माझ्या बरण्या दिसल्या, बंदूक दिसली, लाल फुलीची पेटी दिसली. शेजारच्या काकूही दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"आणि हा काय कारखाना? बाळंतिणीच्या घरात रंग उडवता?"

मी उभा राहिलो. "रोज नाही करत जी... रविवारीच..."

"रविवारी पोर श्वास घेत नाय का?" त्यांनी पेटीचं दार खस्सकन ओढलं.

आतल्या जाळीला मागच्या बाजूला एक फडकं अडकलं होतं. छोटंसं, नाडी असलेलं. त्यांनी ते ओढून काढलं. पांढऱ्या कापडावर हिरव्या पावडरीचे पुसट फराटे होते.

मला एका क्षणात सगळं कळलं. जांभळा काठ मी ओळखला. रविवारी मी सरळगावला असताना पेटी गरम होती, आणि लंगोट ओले होते. माझ्या पेनांवर न चिकटता पेटीच्या दाराला आणि बाहेरच्या कडांना बसलेली, म्हणून न वितळलेली पावडर त्या कापडांना लागली होती. मी मावशींकडे बघितलं. त्यांचा चेहरा असा झाला होता की त्यांनाही आत्ताच कळतंय हे दिसत होतं.

"ह्ये कसलं फडकं?" विहीणबाईंनी विचारलं.

"माझं आहे," मी म्हणालो. कसं निघालं तोंडातून, माहीत नाही. "हात पुसायचं आहे माझं."

विहीणबाईंनी ते माझ्या अंगावर फेकलं. "घ्या! आणि उचला हा पसारा. परका माणूस घरात ठेवायचा आणि वर..."

खरं तर तिथेच संपलं असतं. मी खोली सोडली असती, दुसरीकडे कुठे बघितली असती. मावशींनी पुढे येऊन माझ्या हातातलं फडकं घेतलं.

"तुझं कुठलं रे? ह्ये माझ्या लुगड्याचं हाय." मग विहीणबाईंकडे वळून म्हणाल्या, "बाळाचा लंगोट हाय. मी ठेवला ह्याच्यात. एकच नाय, सगळी ठेवली व्हती फडकी, सुकायला. हा घरात पण नव्हता."

"म्हंजे तुमी पोराची फडकी रंगाच्या भट्टीत घातलीत?"

"घातली. कोळसा भिजला व्हता, पेटी गरम व्हती. मना वाटलं चांगली सुकतील, धुराचा वास पण नाय लागायचा. त्यानं मना खायाचं ठेवू नको सांगतलं व्हतं, ते मी नाय ठेवलं. फडक्याचं मी त्याला इचारलं नाय. त्याला कोन काय बोलू नका."

आतून ताई म्हणाली, "आये, कशाला बोललीस गो?"

"मग काय त्याच्या डोक्यावर घालू?"

शेजारच्या काकू पहिल्यांदाच काही न बोलता निघून गेल्या.

त्यानंतर विहीणबाईंनी आवाज चढवला नाही. तेच जास्त वाईट होतं. त्या म्हणाल्या, आवरा, आता डॉक्टरकडे जाऊ आणि तिकडूनच घरी. सवा महिना पुरा झाला नव्हता. इथे बाळंतीण तशी उठवून नेत नाहीत, नेली तर सगळ्या गावाला कळतं की माहेरी काहीतरी बिनसलं. मावशी ताईची पिशवी भरत होत्या. मी रिक्षा आणायला पावसात धावलो, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. रिक्षा हलली तेव्हा मावशींनी बाळाच्या अंगावरचं दुपटं नीट करायला हात पुढे केला. विहीणबाईंनी ते आधीच स्वतः नीट केलं.

शहापूरच्या डॉक्टरांनी मलम दिलं. पुरळ कशाने, ते त्यांना नक्की सांगता येईना. ओलीमुळे असेल, पावडरमुळे असेल, दोन्ही मिळून असेल. आठवडाभरात बाळाचं अंग स्वच्छ झालं. ताईचा फोन आला तेव्हा मी मोरीशी बसून रडलो. पण ते 'असेल' माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

मी मावशींना म्हणालो, खोली सोडतो.

"का? तू गेलास म्हंजे सगळे म्हणतील, बघा, त्याचंच व्हतं. मग मी खोटी पडले ना?"

"पण मावशी, तुम्ही गप्प राहिला असतात तर..."

"माझ्यावर रागावतील ते चार दिस. नातं हाय, येतील परत. तुझ्यावर रागावले असते तं तुला कोन परत बोलावनार व्हतं इथं?"

हा त्यांचा हिशोब चुकला. चार दिवस गेले, गणपती गेले, दसरा गेला. दिवाळीत भाऊबीजेला मी दारात उभा राहून रस्ता बघत होतो, जणू माझीच बहीण यायची होती. विहीणबाईंचं म्हणणं एकच. ज्या घरात ती पेटी आहे आणि जिथे पेटी की चूल हे कळत नाही, तिथे पोर पाठवणार नाही.

पेटी आता इथे नाही. बंदूक, बरण्या, सगळं मी मुरबाडला शेडवाल्यांकडे ठेवून आलो. ते म्हणतात, ये रविवारी, आमच्याच भट्टीत ठेवत जा तुझी पेनं. अजून गेलो नाही. ते हिरवं पेन माझ्याकडे आहे. त्याचं टोपण इतकं छान बसतं की त्याचाच राग येतो. पडवी मी खरवडून, धुऊन, शेणाने सारवून घेतली. सळई मात्र जमिनीतच आहे, आणि मावशी रोज सकाळी तिला तांदळाचं धुवण घालतात.

मी म्हटलं, "मावशी, आता त्याला पाणी नको. काही जोडलेलं नाही तिथे."

"हात जातो रे तिकडंच. असू दे."

मावशींचा फोन साधा, बटणांचा. म्हणून ताई बाळाचे व्हिडिओ माझ्या फोनवर पाठवते, सासूबाई घरात नसताना. मी कामावरून आलो की मावशी हात पदराला पुसून ओटीवर येऊन बसतात. नुसत्या माझ्या खिशाकडे बघतात. परवा बाळ पालथं पडायला शिकलं. मान वर करून, लाळ गाळत, कॅमेऱ्याकडे बघून हसत होतं. मावशींनी ते पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाल्या, "मांड्या बघ कशा झाल्यात! चांगला पोसलाय विहिनीनं." आणि उठून आत गेल्या.

मध्ये एका सुट्टीला मी वाशिंदला गेलो होतो. हात रॉकेलने, मग साबणाने धुतले, नखं काढली, इस्त्रीचा शर्ट घातला. त्यांच्या बिल्डिंगच्या फाटकाशी उभा राहिलो. वर दांडीवर लहान लहान लंगोट वाळत होते, विकतचे, रंगीत. काय बोलायचं ते सगळं रस्त्याने पाठ केलं होतं. पण वाटलं, मला बघून त्या अजून भडकल्या तर? उरलेला फोनही बंद झाला तर मावशींनी कशाकडे बघायचं? खिशातलं टोपण उघडत-लावत उभा राहिलो आणि परत आलो. मावशींना सांगितलं नाही.

मी पुन्हा जाणार आहे. त्यांनी दारात उभं केलं नाही तरी जाईन, हाकललं तर पुढच्या सुट्टीला जाईन. विहीणबाईंना म्हणेन, एकदा चला, पडवी बघा, पेटी कुठे दिसते का बघा, आणि ज्या बाईने तुमच्यासमोर काही लपवलं नाही तिच्यापाशी पोर ठेवायला भिऊ नका. एवढं बोलायला मला किती दिवस लागतील ते मला माहीत नाही. पण मावशी, तुमचा नातू या सारवलेल्या पडवीत रांगेल, आणि त्याला उचलून तुमच्या मांडीवर ठेवायला मीच आणीन. माझ्यासाठी तुम्ही जे घालवलंत, ते मी तुम्हाला एक दिवस परत आणून देईन.